इंग्रजीत आम्ही फक्त उत्तरे देतो

इंग्रजीला 'वाघिणीचे दूध' म्हणण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते विष्णुशास्त्री चिपळूणकर काही काळ आपल्या रत्नागिरीत मास्तर होते, ही गोष्ट रत्नागिरीकरांना फारशी आठवत नाही. पुण्याहून बदली होऊन ते इथल्या सरकारी हायस्कुलात आले, १८७९ साली सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन पुण्यास परतले आणि १ जानेवारी १८८० रोजी त्यांनी टिळकांना बरोबर घेऊन एक शाळा काढली. 'मराठी भाषेचे शिवाजी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गृहस्थांनी शाळेचे नाव ठेवले 'न्यू इंग्लिश स्कूल'! यात विसंगती आहे असे कुणाला वाटेल. मला वाटत नाही. त्या पिढीला इंग्रजी हवी होती ती सरकारला जाब विचारण्यासाठी.

पुढे काय झाले ते पाहा. शास्त्रीबुवांची उपमा राहिली आणि जाब विचारणे मागे पडले. वाघिणीचे दूध म्हणजे छातीचा कोट करून गुहेत शिरणाऱ्या शूराचे काम, अशी आमची समजूत झाली. मग आम्ही मराठी माध्यमातली मुले हातात पातेले घेऊन गुहेच्या तोंडाशी उभी राहिलो ती उभीच आहोत. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. म्हणजे बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला पोहोचलेला विद्यार्थी पंधरा वर्षे इंग्रजी शिकत आलेला असतो. पंधरा वर्षांत माणूस सुतारकी शिकून स्वतःचे दुकान टाकतो. आम्हांला मात्र परगावच्या पाहुण्याचा फोन आला की आम्ही तो शेजाऱ्याच्या हातात देतो.

याचे खापर मुलांच्या आळसावर किंवा प्राध्यापकांच्या शिकवण्यावर फोडण्याची रीत आहे. मला दोन्ही पटत नाही. खरे कारण अगदी साधे आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे असे माझे मत आहे. पंधरा वर्षांत आम्ही इंग्रजीत फक्त उत्तरे दिली. प्रश्न विचारण्याचा हक्क परीक्षकाचा. उताऱ्याखालचे प्रश्न त्याचे, कवितेवरचे त्याचे, पत्रलेखनातला विषयही त्याचाच. नाही म्हणायला शालान्त परीक्षेच्या व्याकरणात अधोरेखित शब्द उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करण्याची एक बाब असे. पण तीही 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहा, प्रयोग बदला, 'नॉट ओन्ली बट ऑल्सो' वापरा यांच्या रांगेत एखाद्या गुणासाठी उभी असे. प्रश्न ही माहिती मिळवण्याची वस्तू आहे, ती गुण मिळवण्याची वस्तू नव्हे, असे आम्हांला त्यातून कधी जाणवले नाही.

आणि पोटापाण्याच्या जगात नव्वद टक्के वेळा प्रश्नच विचारावे लागतात. (हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कुणी पडताळायला जाऊ नये.) गाडी किती वाजता, भाडे किती, पैसे परत मिळतील का, फॉर्म कुणाकडे द्यायचा, सही कुणाची हवी, माल पोहोचला का, नाही तर का नाही?

आमच्याकडे शब्द नाहीत असे म्हणतात, तेही मला अर्धेच खरे वाटते. एस. टी. स्टँडपासून बँकेपर्यंत चालत जा आणि कानावर पडणारे शब्द मोजा. तिकीट, रिझर्व्हेशन, कॅन्सल, बॅलन्स, डिपॉझिट, लोन, ड्यू डेट, पासबुक, ट्रान्स्फर, झेरॉक्स, बिल, डिस्काउंट. मच्छी उतरवणाऱ्याच्या तोंडी बोट, इंजिन, डिझेल, क्रेट, कोल्ड स्टोरेज असतेच. आंबेवाल्याच्या तोंडी पॅकिंग, ग्रेडिंग, पार्सल, एक्स्पोर्ट. आमच्या आज्याही 'बीपी वाढलाय' असेच म्हणतात. शेकडो इंग्रजी नामे आम्ही मराठीच्या पदरात बांधून घेतली आहेत आणि त्यांच्यापुढे 'करणे' जोडून क्रियापदेही केली आहेत: फोन करणे, कॅन्सल करणे, ॲडजस्ट करणे. फळ्या सगळ्या आहेत, सांधे तेवढे नाहीत. सांधे म्हणजे 'डू, डज, डिड', 'हॅव', 'गेट', 'पुट', आणि 'इन, ऑन, ॲट, बाय, टिल' हे बारके बारके शब्द. मायकेल वेस्ट नावाच्या इंग्रज शिक्षकाने १९२० च्या दशकात ढाक्याला बंगाली मुलांना शिकवता शिकवता याच प्रश्नाचा विचार केला होता. १९५३ साली त्याने सर्वांत कामाच्या सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सामान्य इंग्रजी मजकुरातले दर पाच शब्दांतले चार या एवढ्या शब्दांतच बसतात असे पुढच्या अभ्यासकांनी मोजून दाखवले. म्हणजे शब्दकोश पाठ करणारा आपला मित्र फुकट घाम गाळतो आहे.

आता सांध्यांकडे वळतो, कारण खरी अडचण तिथे आहे आणि ती आपल्या मराठीतून आलेली आहे.

मराठीत प्रश्न करणे किती सोपे! 'गाडी सुटली.' शेवटी 'का' लावला की 'गाडी सुटली का?' नुसता सूर चढवला तरी चालते. इंग्रजीत 'द ट्रेन लेफ्ट' याचा प्रश्न करायचा तर 'डिड' कुठून तरी धावत येऊन पुढे बसतो आणि 'लेफ्ट'चा 'लीव्ह' होतो. भूतकाळ एका शब्दातून उठून दुसऱ्यात जाऊन बसतो. असली उलथापालथ आपल्या भाषेला माहीत नाही. ती समजायला पाच मिनिटे लागतात, पण जिभेवर बसायला पाचशे वेळा करावी लागते. पाचशे काय, पाच वेळाही आम्ही ती मोठ्याने केलेली नसते.

दुसरा सांधा 'पर्यंत' या आपल्या शब्दाचा. 'दुकान मंगळवारपर्यंत बंद आहे' आणि 'पेट्या मंगळवारपर्यंत पाठवा' या दोन्ही ठिकाणी आपण एकच शब्द वापरतो. इंग्रजीला इथे दोन शब्द लागतात. बंद राहण्याला 'टिल', पोहोचवण्याच्या मुदतीला 'बाय'. एखाद्या बागायतदाराने 'सेंड द बॉक्सेस टिल ट्यूसडे' असे लिहिले तर समोरचा समजेल की मंगळवार उजाडेपर्यंत रोज पेट्या पाठवत राहायच्या. आंब्याच्या हंगामात या एका शब्दाची किंमत कुणाही दलालाला विचारावी.

तिसरा सांधा याहून फसवा. 'पैसे मिळाले नाहीत का?' असे विचारले आणि खरेच मिळाले नसतील, तर आपण म्हणतो, 'हो, नाही मिळाले.' आपला 'हो' विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीचा 'येस' वस्तुस्थितीला असतो. 'हॅव्हन्ट यू रिसीव्ह्ड द पेमेंट?' याला आपण सवयीने 'येस' म्हटले की समोरच्याच्या वहीत पैसे पोहोचल्याची नोंद होते! व्याकरणाच्या कुठल्याही गाईडात मला हे ठळक अक्षरांत आढळले नाही. प्रयोग बदलण्याचे सोळा नियम मात्र चौकटीत असतात.

चौथा सांधा अदबीचा. 'मला फॉर्म द्या' हे मराठीत अगदी सभ्य वाक्य आहे, कारण आदर 'द्या' या रूपातच आहे. 'दे' म्हटले असते तर गोष्ट वेगळी. तेच इंग्रजीत 'गिव्ह मी द फॉर्म' झाले की 'द्या' आणि 'दे' मधला फरक वाटेतच सांडतो आणि टेबलापलीकडच्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. तो आपल्याला उर्मट समजतो आणि आपण त्याला शिष्ट. इंग्रजीत 'तू', 'तुम्ही', 'आपण' सगळे एकाच 'यू'मध्ये कोंबलेले असल्यामुळे आदर 'कुड', 'वुड' आणि 'प्लीज' या शब्दांतून दाखवावा लागतो. इतके सांगितले की कुणालाही समजते. परंतु हे सांगायला मराठी लागते.

'इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा' हा आग्रह धरणाऱ्या सन्माननीय प्राध्यापकांशी इथेच माझा नम्र मतभेद आहे. आमची चूक मराठीच्या वळणावर होते, तर ते वळण दाखवायला मराठीच हवी. ही कल्पना नवी नाही, आणि ती आपल्याच मातीतली आहे. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर (१९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत ते गाव आपल्याच जिल्ह्यात होते) यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी छापले. वाचणाऱ्याने एका स्तंभातून दुसऱ्यात नजर टाकावी आणि दोन्ही भाषा एकमेकींशी कशा वागतात ते पाहावे, अशी ती सोय. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनेही पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. त्या पाठमालेतली वाक्ये आज जुनाट वाटतात, आणि घोडा, माळी, राजपुत्र यांच्याशी आपला रोजचा संबंध राहिलेला नाही हे खरे. पण पद्धत पक्की होती. राजपुत्राच्या जागी बँकेचा कॅशिअर बसवला की काम भागेल.

हे सारे कशासाठी, असे कुणी विचारील. चार-दोन वाक्ये चुकली म्हणून काय बिघडते? तर काय बिघडते ते सांगतो.

रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावांतून किती मुले आखातात आणि बोटींवर नोकरीला जातात हे इथे कुणाला सांगायला नको. जाण्यापूर्वी त्यांच्यापुढे एक करारपत्र येते, ते इंग्रजीत असते. एजंट बोटाने जागा दाखवतो, मुलगा सही करतो. माझ्या ओळखीच्या एका घरातला मुलगा असाच गेला. एजंटाने तोंडी सांगितलेला पगार आणि कागदावरचा पगार यांत फरक होता, आणि तिथे पोहोचताच पासपोर्ट मालकाने कपाटात ठेवला. मुलगा अडाणी नव्हता, बारावी झालेला होता. इंग्रजीत त्याला चौसष्ट गुण होते. मी त्याला विचारले, "तू सही करण्याआधी विचारलं का नाहीस?" तो म्हणाला, "काय विचारायचं ते माहीत होतं रे, कसं विचारायचं ते नव्हतं. मराठीत विचारलं तर तो म्हणाला, सगळं लिहिलंय त्यात." पासपोर्ट कुणाकडे राहणार? जादा कामाचे पैसे तासावर की महिन्यावर? मधेच परत यायचे झाले तर तिकिटाचा खर्च कुणाचा? एकूण तीन प्रश्न. तिन्ही मिळून वीस-पंचवीस इंग्रजी शब्दांत बसतात आणि त्यांतला एकही शब्द अवघड नाही.

बोटीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जगभरच्या जहाजांवर नाना देशांचे खलाशी एकत्र काम करतात. इंग्रजी बहुतेकांची मातृभाषा नसते. चुकीच्या शब्दापायी तिथे जहाज खडकावर जाते. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजावर बोलायच्या प्रमाण वाक्यांचा एक संच मंजूर केला. एका अर्थाला एकच शब्द. संदिग्ध शब्द टाळायचे; 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड', 'कॅन' यांपासून दूर राहायचे, कारण ते परवानगी मागतात की शक्यता सांगतात ते वाऱ्याच्या आवाजात कळत नाही. दिशेचा आकडा दीडशे असेल तर तो सलग म्हणायचा नाही. 'वन, फाइव्ह, झीरो' असा एकेक अंक सुटा म्हणायचा. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की वाक्याच्या आधी त्याची जात सांगता येते. प्रश्न असेल तर आधी 'क्वेश्चन' म्हणायचे आणि मग विचारायचे. उत्तर देणाऱ्याने 'आन्सर' म्हणून सुरुवात करायची. प्रश्नाला तिथे असा मान आहे. (कॉलेजात तास संपताना 'एनी क्वेश्चन्स?' ऐकू येते, तेव्हा घंटा झालेली असते.) समुद्रावर 'कुड' नको आणि बँकेत 'कुड' हवा, हा फरकही लक्षात घेण्यासारखा. कामाचे इंग्रजी एकच एक नसते. ज्याचे त्याचे काम ठरले की मग शब्द ठरतात.

आंब्याचेच घ्या. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली; कारण फळमाशी. पुढच्या वर्षी ती उठली. त्या दिवसांत बागायतदारांच्या घरात 'फ्रूट फ्लाय', 'ट्रीटमेंट', 'सर्टिफिकेट', 'रेसिड्यू' हे शब्द भाकरीइतके ओळखीचे झाले. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याबरोबर आणखी कागद आले. हे कागद कोण वाचतो? बहुतेक घरांत कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी. 'शिकलेलं पोर आहे, वाचेल' अशा विश्वासाने आईवडील कागद पुढे करतात, आणि आपण तो खालीवर पाहून म्हणतो, "सरांना विचारून सांगतो." मी स्वतः हे कितीदा तरी ऐकले आहे.

यावर दोन उपाय बाजारात मिळतात. एक म्हणजे तीस दिवसांत अस्खलित इंग्रजी बोलायला शिकवणारे क्लास. त्यांची वाक्ये पाठ होतात आणि पहिले वाक्य फेकताही येते; पण समोरचा माणूस जे दुसरे वाक्य बोलतो ते पुस्तकात छापलेले नसते. एका मित्राने हॉटेलच्या स्वागतकक्षात काम धरले. 'गुड इव्हिनिंग, हाउ मे आय हेल्प यू?' हे तो सुरेख म्हणे. पाहुण्याने दोनऐवजी तीन माणसे आली तर किती पैसे पडतील असे विचारले की त्याचा चेहरा पाहवत नसे! सांधे न शिकता फळ्या रंगवल्या की असेच होणार.

दुसरा उपाय खिशातला मोबाईल. तो हल्ली भाषांतर करून देतो, आणि मी त्याची टिंगल करणार नाही. माझेही काम त्याने अनेकदा केले आहे. पण त्याने 'बाय' दिला की 'टिल', आपल्या 'हो'चा 'येस' केला की 'नो', हे पाहणारा डोळा आपलाच लागतो. शिवाय एजंटासमोर बसून मोबाईल चाळत प्रश्न विचारणाऱ्याला एजंट किती भीक घालील, हे सांगायला नको.

'मग मराठीचे काय?' असा प्रश्न मराठी विभागातून येणार याची मला कल्पना आहे. याच रत्नागिरीत स्थानबद्धतेत असताना सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. 'दिनांक' आणि 'महापौर' हे शब्द आज आपण परके मानत नाही. भाषाशुद्धीच्या सगळ्याच मुद्द्यांशी मी सहमत नाही. 'टेबल' मला टेबलच बरे वाटते. पण दोन भाषांच्या सीमा ज्याला नीट दिसतात तोच दोन्ही स्वच्छ बोलतो, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. आज अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी असे जे कडबोळे आपण बोलतो, त्यात आपली मराठी तर बिघडतेच, आणि इंग्रजी येते असा खोटा दिलासा मिळतो तो वेगळाच.

इंग्रजी वाङ्मय शिकवू नका, असेही माझे म्हणणे नाही. वर्ड्स्वर्थची कविता वाचून मला आनंद झाला आहे आणि तो मी कुणाला परत करणार नाही. पण ज्या मुलाला कवितेतल्या फुलांवर दहा ओळी लिहिता येतात, त्याला फुलांचा भाव विचारता येऊ नये हे त्या कवीलाही आवडले नसते. प्रथम वर्षाला संभाषणकौशल्याचा विषय अनेक वर्षे होता. त्यात अर्ज होते, तक्रारीचे पत्र होते, सारे चांगले होते. आम्ही त्याचे काय केले? पत्राचा साचा पाठ केला. पत्ता उजवीकडे की डावीकडे यावर वाद घातला. 'आय बेग टु स्टेट' म्हणून भीक मागितली आणि 'युअर्स ओबीडियंटली' म्हणून पाया पडलो. साहेब १९४७ साली गेला, पण ही वाक्ये आमच्या अर्जात अजून हात जोडून उभी आहेत. त्या साच्यांत एकही प्रश्नचिन्ह नव्हते.

म्हणून माझी एक सूचना आहे. ती मान्य करायला विद्यापीठाच्या परवानगीची गरज नाही. इंग्रजी विभागाने आणि मराठी विभागाने मिळून आठवड्यातून एक दिवस, शेवटच्या तासानंतर, अर्धा तास द्यावा. त्यात प्राध्यापकांनी फक्त उत्तरे द्यावीत. कुणी बँकेचा अधिकारी व्हावे, कुणी एजंट, कुणी मुंबईचा व्यापारी, कुणी तिकीट तपासनीस. विद्यार्थ्याने इंग्रजीत विचारीत राहावे आणि माहिती पुरी झाल्याशिवाय थांबू नये. चुकेल तिथे मराठीत सांगावे की बाबा रे, तुझा 'का' शेवटी राहिला, तो पुढे आण. हसणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायला उभे करावे, म्हणजे हसणे आपोआप थांबेल. वक्तृत्वस्पर्धेत पाठ केलेल्या भाषणाला ढाल मिळते, तशी एखादी लहानशी ढाल वर्षअखेरीस सर्वांत चांगल्या प्रश्नालाही मिळाली तर माझी हरकत नाही.

पहिल्या दिवशीच्या कामासाठी मी एका करारपत्राची झेरॉक्स आणून ठेवली आहे. माणसाचे आणि कंपनीचे नाव खोडले आहे. चार पाने आहेत. पासपोर्टाचे कलम तिसऱ्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत आहे.